बल्ब बदलून रस्ता उजळत नाही

अलिबाग ते मुरूड, कुठल्याही गॅरेजसमोर स्कूटर लावा आणि "हेडलाईट कमी पडतो हो" एवढंच म्हणा. उत्तर ठरलेलं आहे : हॅलोजन काढा, एलईडी टाका, रात्रीचा दिवस होईल. काम दहा मिनिटांचं, खर्चही फार नाही. समोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र झोत पडतो, गिऱ्हाईक खूष होतं आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर भेटलेल्या चौघांना तोच सल्ला देतं. आता तर ज्याच्या स्कूटरला पिवळसर दिवा आहे त्यालाच "अजून बदलला नाहीस?" असं विचारलं जातं.

हा सल्ला चुकीचा आहे. अपुरा किंवा घाईचा नव्हे, मुळातूनच चुकीचा. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाईटमध्ये एलईडीचा बल्ब बसवला की रस्ता जास्त दिसतो असं वाटतं, दिसत नाही. त्या वाटण्याची किंमत समोरून येणारा मोजतो, आणि बऱ्याचदा शेवटी आपणही.

माझं भांडण एलईडीशी नाही. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते योग्यच होतं; त्यांच्या कामामुळे पांढरा एलईडी दिवा शक्य झाला. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि आपल्या घराघरांतले बल्ब बदलले, तेही चांगलंच झालं. कंपनीतूनच एलईडी हेडलाईट घेऊन आलेल्या नव्या स्कूटरबद्दलही माझी तक्रार नाही. तिथे दिवा, त्यामागचा आरसा आणि पुढची काच ही तिन्ही एकमेकांसाठी घडवलेली असतात. पण "घरात चाललं तसं गाडीतही चालेल" हा तर्क मात्र टिकत नाही. ओटीवरच्या बल्बने सगळीकडे उजेड फेकावा एवढीच आपली अपेक्षा असते. हेडलाईटकडून दोन अपेक्षा असतात : अमुक जागी उजेड पडलाच पाहिजे, आणि अमुक जागी तो अजिबात पडता कामा नये. दुसरी अपेक्षा पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि बल्ब बदलताना तिचा विचार कोणीच करत नाही.

लोकांची तक्रार खरी आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला उतरलं की कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव करत मुरूडला जाणारा रस्ता रात्री कसा असतो हे ज्याने त्यावरून स्कूटर चालवली आहे त्यालाच ठाऊक. गाव संपलं की दिवे संपतात. वळणावर कडेची पांढरी पट्टी पुसलेली असते. काळ्या डांबरावर गुरं बसलेली असतात आणि ती अगदी जवळ गेल्यावर दिसतात. आक्षी, नागाव, चौल या पट्ट्यात रस्ता वाड्यांच्या गडग्यांमधून जातो. समोरून एसटी आली तर स्कूटरने जायचं कुठे हा प्रश्न असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत रस्त्यावर जो काही उजेड होता तो गाड्यांचाच. रात्रपाळी करून येणारा, आजारी माणसाला मागे बसवून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघालेला स्कूटरवाला जास्त उजेड मागतो तेव्हा तो चैन मागत नसतो.

स्कूटरचा दिवा मुळात लहान असतो हेही खरं. आपल्याकडच्या बहुतेक हॅलोजन स्कूटरना एचएस-वन प्रकारचा ३५ वॅटचा बल्ब येतो. प्रमाणित आकडे पाहिले तर डिपरला ५२५ लुमेन आणि अप्परला ८२५. मोटारीच्या एच-फोर बल्बला हेच आकडे १,००० आणि १,६५० असे आहेत, आणि मोटारीला असे दोन दिवे असतात. म्हणजे मोटारवाल्याच्या चौथाई उजेडात स्कूटरवाल्याने तोच रस्ता कापायचा, तोही दोन चाकांवर. ज्या खड्ड्यात मोटारीला नुसता हादरा बसतो, त्यात स्कूटर आडवी होते.

प्रश्न असा खरा आहे, म्हणूनच त्याचं खोटं उत्तर जास्त घातक आहे.

एचएस-वनचा बल्ब हातात घेऊन नीट बघा. काचेच्या आत टंगस्टनच्या तारेच्या दोन बारीक गुंडाळ्या दिसतील, जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांबीच्या. एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या गुंडाळीखाली पातळ पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. डिपरचा सगळा अर्थ त्या वाटीत आहे. गुंडाळीतून खाली जाणारा प्रकाश ती अडवते. त्यामुळे प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून उलटून रस्त्याकडे, खाली जातो. वाटी नसती तर तोच प्रकाश आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडून वर गेला असता, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर. अप्परची गुंडाळी आरशाच्या नाभीवर असते, डिपरची तिच्या किंचित पुढे. आरशाचा प्रत्येक पैलू या दोन गुंडाळ्यांची जागा, लांबी आणि जाडी धरून काढलेला असतो.

आता एलईडीचा बल्ब शेजारी ठेवा. त्यात गुंडाळी नाही. मध्ये धातूची एक पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना चिकटवलेल्या चपट्या चिप. गुंडाळी सर्व बाजूंनी प्रकाश देते. या चिप आपापल्या समोरच्या बाजूला देतात. मधल्या पट्टीला जाडी आहे, म्हणून दोन्हीकडच्या चिप नाभीच्या रेषेपासून बाजूला सरकलेल्या असतात. होल्डरमध्ये बल्ब जरा तिरका बसला, आणि घाईत तो बसतोच, तर पट्टी उभी न राहता कलते आणि डाव्या-उजव्या अंगांना जायचा प्रकाश वर-खाली जातो. स्कूटरच्या आरशाचं नाभीय अंतर साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर धरा. दिव्याची जागा एका मिलिमीटरने चुकली तर किरणांची दिशा सुमारे अडीच अंशांनी फिरते. पंचवीस मीटर पुढे जाईपर्यंत तो फरक एक मीटरभर होतो. हेडलाईट जमिनीपासून मीटरभराच्या आतबाहेर उंचीवर असतो. त्याचा झोत जिथे पायाशी पडायला हवा होता तिथे तो मीटरभर वर गेला, तर कोणाच्या डोळ्यांत जाईल हे सांगायला नको.

उजेडाची ताकद ज्योतीपेक्षा तिच्याभोवतीच्या घडणीत असते, हे या किनाऱ्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. थळच्या समोर खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभं राहिलं. आज ते कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जातं. त्या काळच्या दीपगृहांत ज्योत तेलाची असे. ती कोसांवरून दिसे ती फ्रेनेल या फ्रेंच इंजिनिअरने १८२० च्या दशकात घडवलेल्या कंगोऱ्यांच्या भिंगांसारख्या रचनांमुळे. ज्योत भिंगाच्या नेमक्या जागी नसेल तर कितीही मोठी असून उपयोग नव्हता. स्कूटरच्या हेडलाईटचं शास्त्र तेच आहे, फक्त दीपगृहाने डोळ्यापर्यंत पोचायचं असतं आणि डिपरने डोळा चुकवायचा असतो.

यावर उत्तर येतं की डब्यावर आठ हजार लुमेन लिहिलंय, इतका उजेड असल्यावर थोडा इकडेतिकडे गेला तर काय बिघडलं? हा आकडा जरा तपासू. एलईडीच्या एका वॅटमागे शंभर-सव्वाशे लुमेन धरले तरी आठ हजारांसाठी साठ ते ऐंशी वॅट लागतील. तेवढ्या विजेने होणारी उष्णता अंगठ्याएवढ्या हीटसिंकने आणि त्यामागच्या नखाएवढ्या पंख्याने बाहेर काढता येत नाही, तेही हँडलच्या बंद कव्हरमध्ये. म्हणजे एक तर आकडा खोटा आहे, नाही तर बल्ब लवकरच जळणार आहे. आणि आकडा खरा असेल तर गोष्ट अधिकच वाईट. ज्या आरशाने डिपरला ५२५ लुमेन सांभाळायचे, त्यात पंधरापट प्रकाश ओतला तर त्यातला भरकटलेला दहावा भागसुद्धा मूळ दिव्याच्या सगळ्या प्रकाशाहून जास्त होतो.

मग तो बसवल्यावर एवढं छान का वाटतं? कारण भिंतीवर पाहून दिव्याची पारख होत नाही. गॅरेजसमोरची भिंत तीन-चार मीटरवर असते. रस्त्यावर आपल्याला तीस-चाळीस मीटरवरचं पाहायचं असतं. भरकटलेल्या प्रकाशाचा बराचसा भाग स्कूटरच्या पुढच्या चाकाजवळ पडतो. तिथलं डांबर पांढरं लख्ख दिसतं आणि मनाला धीर येतो. डोळा मात्र त्या लख्ख तुकड्याशी जुळवून घेतो, बाहुली आकसते, आणि त्यापलीकडचा अंधार आणखी काळा होतो. चाकाजवळचा खडा स्पष्ट दिसू लागतो आणि वळणावरची म्हैस पूर्वीपेक्षा उशिरा दिसते. हेडलाईट चांगला कोणता? जो जवळ बेताचा आणि दूरवर भरीव उजेड देतो तो. एलईडी घुसवलेला जुना हेडलाईट नेमका याच्या उलट वागतो.

आता समोरच्याकडे वळू. डोळ्यात शिरलेला प्रखर प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि समोरच्या सगळ्या दृश्यावर पांढरा पडदा धरतो. हॉलडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी १९२० च्या दशकातच याचं मोजमाप केलं. पडद्याचा दाटपणा दोन गोष्टींवर ठरतो : डोळ्यावर किती प्रकाश पडतो, आणि दिवा आपल्या नजरेच्या रेषेपासून किती बाजूला आहे. यातला कोन निम्मा झाला की पडदा साधारण चौपट दाट होतो. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर समोरचा दिवा आपल्या नजरेपासून बराच बाजूला असतो. चौलच्या गडग्यांमध्ये तो जवळपास नजरेच्या रेषेवरच असतो. ज्या बल्बचा त्रास महामार्गावर कसाबसा सोसता येईल, तोच आपल्या किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर आंधळं करतो. "तिकडे तर सगळे लावतात" म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. आपले रस्ते अरुंद आहेत, म्हणून आपल्याला जास्त सांभाळलं पाहिजे.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि विखुरणं वाढतं. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला असा दिवा समोर आला की काही क्षण काहीच दिसत नाही. ताशी चाळीसच्या वेगाने स्कूटर सेकंदाला अकरा मीटर जाते. दोन सेकंद डोळे दिपले तर बावीस मीटर अंतर न बघता कापलं जातं. त्या बावीस मीटरांत कोण असतं? भल्या पहाटे टोपली घेऊन बंदराकडे निघालेली कोळीण असते. बिनदिव्याची सायकल घेऊन कामावर निघालेला वाडीतला गडी असतो. शेवटची एसटी चुकली म्हणून कडेने चालत येणारी मुलं असतात. यांच्यापैकी कोणाच्याही अंगावर चमकणारी पट्टी नसते. ही माणसं ज्याला दिसायला हवीत, त्याला आपण आंधळं करतो आणि निघून जातो. पुढे काय झालं हे आपल्याला कधी कळतही नाही, कारण ते आपल्या पाठीमागे घडतं.

पावसाळ्यात हे सगळं वाढतं. ओलं डांबर आरशासारखं वागतं. आपल्या दिव्याचा प्रकाश ते आपल्याकडे परत न पाठवता पुढे सरकवतं, म्हणून पावसात आपला हेडलाईट जळतोय की नाही अशी शंका येते. एलईडी घ्यायचा मोह नेमका तेव्हा होतो. पण पुढे सरकलेला तोच प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो : एकदा थेट दिव्यातून, दुसऱ्यांदा रस्त्यावरून. त्याच्या हेल्मेटच्या काचेवर पावसाचे थेंब असतात आणि प्रत्येक थेंबात एक दिवा पेटतो. आपण दिवा वाढवला तर आपल्याला फार थोडं मिळतं आणि त्याच्याकडून फार जास्त काढून घेतलं जातं. त्याने वाढवला तर तेच आपल्या वाट्याला येतं. दोघांनी वाढवला की दोघंही आंधळे.

इथे हॅलोजनच्या बाजूने बोलणाऱ्यांची एक चूकही दुरुस्त करायला हवी. पिवळा प्रकाश पावसातून, धुक्यातून जास्त आरपार जातो, असं ते सांगतात. पण पावसाच्या आणि धुक्याच्या थेंबांपुढे प्रकाशाची तरंगलांबी इतकी लहान आहे की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखरून टाकतात. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळे हेडलाईट सक्तीचे होते, पुढे ती सक्ती गेली. निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना अधिक बोचतो हे खरं, पण इथला मुख्य मुद्दा रंगाचा नाही. दिशेचा आहे. पावसात वर उडालेला प्रकाश थेंबांवरून उलटून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो. तो हॅलोजनचा असो की एलईडीचा, पिवळा असो की पांढरा, वर जाता कामा नये.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद वेगळाच आहे. मार्च २०२० पासून मांडव्याला गाड्या वाहून आणणारी रो-रो बोट सुरू झाली, मुंबईच्या मोठ्या गाड्या थेट किनाऱ्यावर उतरू लागल्या. शनिवार-रविवारी त्यांचे पांढरे दिवे अंगावर येतात, डिपर देत नाहीत, मग स्कूटरवाल्यानेच शहाणपण का दाखवायचं? हा राग समजण्यासारखा आहे. मलाही येतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष आत्मघातकी आहे. त्या गाडीवाल्याला आपल्या एलईडीने धडा मिळत नाही, त्याचे डोळे दिपतात. डोळे दिपलेली दीड-दोन टनांची गाडी मग नेमकी आपल्याच दिशेने येत असते. रस्त्यावरच्या सर्वांत हलक्या वाहनाने समोरच्या जड वाहनाच्या चालकाला आंधळं करणं याहून मोठा धोका स्कूटरवाला स्वतःसाठी निर्माण करू शकत नाही. समोरच्या ट्रकवाल्याला रस्त्याची कडा आणि आपली स्कूटर नीट दिसावी यातच आपला जीव आहे.

"पण निदान मी दुरून दिसतो ना?" दुचाकी दिसावी म्हणूनच १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना कायम चालू राहणारा हेडलाईट सक्तीचा झाला, आणि दिवसा त्याचा उपयोग आहे. रात्री मात्र दिसणं म्हणजे नुसता एक प्रखर ठिपका दिसणं नव्हे. समोरच्याला अंतर कळलं पाहिजे, वेग कळला पाहिजे, ती दुचाकी आहे की एक दिवा गेलेला टेम्पो, हे कळलं पाहिजे. आपण उजवीकडे वळण्यासाठी दिलेला इंडिकेटर दिसला पाहिजे. हेडलाईटपासून वीतभर अंतरावर लुकलुकणारा तो छोटा नारिंगी दिवा प्रखर झोतात बुडून जातो. स्कूटर दिसते, तिचा चालक काय करणार आहे ते दिसत नाही.

जर्मनीचं उदाहरण देणारेही भेटतात. तिथे २०२० पासून जुन्या हॅलोजन हेडलाईटमध्ये घालण्याच्या काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली आहे, हे खरंच आहे. पण ती कशी मिळाली ते पाहा. विशिष्ट कंपनीचा विशिष्ट बल्ब विशिष्ट गाडीच्या विशिष्ट हेडलाईटमध्ये घालून, झोत कुठे पडतो हे मोजून, मग त्या जोडीपुरती मान्यता. यादीत नाव नसेल तर तोच बल्ब तुमच्या गाडीला बेकायदा. याचा अर्थ जर्मनीने आपल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं मान्य केलेलं नाही. बल्ब आणि आरसा यांची जोडी जमली पाहिजे, हेच त्यांनी कायद्यात लिहिलं आहे. आपल्या बाजारात डब्यातून निघणाऱ्या बल्बची आपल्या स्कूटरच्या आरशाशी अशी पारख कोणी केली आहे?

आपला कायदाही मोघम नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात परस्पर फेरफार करायला मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाने केलेल्या अशा बेकायदा फेरफारासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ तर थेट डोळे दिपण्याबद्दलच आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाला झोताने दिपवता कामा नये, असं तो सांगतो. नियम करणाऱ्याने समोर उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची धरून हे लिहिलं आहे. पेणच्या आरटीओने आणि वाहतूक पोलिसांनी हेल्मेट आणि कागदपत्रांइतकीच या नियमाची तपासणी रात्री रस्त्यावर उभं राहून केली पाहिजे.

एवढं सगळं झाल्यावर प्रश्न उरतोच : उजेड कमी पडतो त्याचं काय? माझ्या मते या वादातली खरी गोष्ट इथे आहे आणि ती गॅरेजमध्ये बोललीच जात नाही. आपल्या किनाऱ्यावर स्कूटरचा उजेड खारं वारं खातं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहणाऱ्या स्कूटरचं हेडलाईटचं कव्हर उघडा. होल्डरच्या पितळी पात्यांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसेल. कपलर काळवंडलेला असेल. अर्थची वायर जिथे बॉडीला स्क्रूने बसवली आहे तिथे गंजाचं वर्तुळ असेल. या प्रत्येक जागी थोडं थोडं व्होल्टेज गळतं. हॅलोजन बल्ब याबाबत फार हळवा असतो. त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साडेतीनच्या आसपासच्या घाताने कमी होतो. १३.२ व्होल्टवर ५२५ लुमेन देणारा बल्ब १२ व्होल्टवर चालला तर चौथाईहून जास्त प्रकाश गेलेला असतो. वाटेत दोन व्होल्ट गळाले तर निम्म्याच्या जवळपास. त्यात आरशाचा मुलामा खाऱ्या हवेने उडालेला, पुढची काच उन्हाने पिवळी पडलेली, बल्बची आतली बाजू काळी झालेली. कंपनीने दिलेला हेडलाईट कमी पडतो असं आपण म्हणतो तेव्हा कंपनीने दिलेला उजेड आपल्यापर्यंत पोचतच नसतो.

एलईडी बसवल्यावर फरक जाणवतो त्याचं एक मोठं कारण हेच आहे. एलईडीमागे ड्रायव्हर नावाचं एक छोटं सर्किट असतं. व्होल्टेज पडलं तरी ते चिपला ठरलेला करंट देत राहतं. म्हणजे वायरिंगचा आजार तसाच राहतो, फक्त तो दिसेनासा होतो. तो गंज पुढे हॉर्नला, ब्रेकच्या दिव्याला आणि सेल्फला त्रास देणारच असतो. शिवाय बऱ्याच जुन्या स्कूटरचा हेडलाईट बॅटरीवर नसतोच; इंजिनमधल्या कॉईलच्या एसीवर चालतो. म्हणून स्कूटर हळू झाली की तो मंदावतो. त्यावर साधा एलईडी लुकलुकतो. मग मेकॅनिक बॅटरीवरून नवी वायर ओढतो, बहुतेक वेळा फ्यूजशिवाय, आणि जेमतेम तीन-चार अँपिअर-अवरच्या बॅटरीवर नवा भार टाकतो. बल्बच्या मागचा पंखा रबरी टोपीत मावत नाही, म्हणून टोपी काढून टाकली जाते किंवा कापली जाते. त्या भोकातून खारी दमट हवा थेट आरशावर जाते. दोन पावसाळ्यांत आरसा गेला की पुन्हा उजेड कमी, आणि पुन्हा त्याहून मोठा बल्ब.

उपाय आहे, पण तो झगमगीत नाही. होल्डरवर, बल्ब पेटलेला असताना मल्टिमीटर लावा. बॅटरीवर आणि होल्डरवर अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर बल्बला दोष देऊ नका; पाती घासा, कपलर बदला, अर्थची वायर नवी ओढा. ज्या स्कूटरचा हेडलाईट बॅटरीवर चालतो तिला रिले बसवून घेता येईल, पण तो नीट फ्यूज टाकून. हेडलाईट एसीवर असेल तर रेग्युलेटर तपासून घ्या. काच पॉलिश होत नसेल आणि आरसा काळा पडला असेल तर मूळ कंपनीचा पूर्ण हेडलाईट घ्या. बल्ब प्रमाणित एचएस-वन आणि ३५ वॅटचाच घ्या. १०० वॅटचा हॅलोजन हाही असाच गुन्हा आहे, त्याने तर होल्डर वितळतो. मग फोकसचा स्क्रू फिरवून झोत जागेवर आणा. सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर, सीटवर माणूस बसलेला असताना डिपरची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली असावी. मागे नेहमी कोणी बसत असेल तर त्यालाही बसवून बघा, कारण मागचा भाग दबला की झोत वर उठतो. एवढं केल्यावरही अप्पर अपुरा वाटत असेल तर वेग दहाने कमी करा. रात्री काशीदच्या चढावर ताशी साठने जाता येईल असा दिवा कोणत्याच स्कूटरला नाही.

आणि रस्त्याची जबाबदारी रस्त्याच्या मालकावरही टाकू. सार्वजनिक बांधकाम खात्याने दर पावसाळ्यानंतर कडेची पांढरी पट्टी रंगवली, वळणांवर चमकणारे खांब लावले, साळाव ते मुरूड पट्ट्यातल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर दिवे चालू ठेवले, तर त्याच ३५ वॅटमध्ये आजच्यापेक्षा किती तरी जास्त दिसेल. चमकणारी पट्टी स्कूटरच्या छोट्या दिव्याचा प्रकाश थेट चालवणाऱ्याकडे परत पाठवते आणि तो समोरच्या कोणाच्याही डोळ्यांत जात नाही. ही मागणी ग्रामसभेत, पंचायत समितीत करायची आहे. प्रत्येकाने आपापल्या स्कूटरला एलईडी लावला म्हणजे ही मागणी कोणी करतच नाही.

गॅरेज चालवणाऱ्या माझ्या मित्रांना माझी विनंती आहे : बल्ब विकण्याआधी मल्टिमीटर लावा, आणि त्या कामाचे पैसे घ्या. लोक देतील. ज्यांनी एलईडी आधीच बसवला आहे त्यांनी आज रात्री स्कूटर अंगणात चालू ठेवून डिपर लावावा, कोणाला तरी सीटवर बसवावं आणि स्वतः आठ मीटर पुढे, अर्धा मीटर बाजूला उभं राहून, डोळे दीड मीटर उंचीवर आणून हेडलाईटकडे बघावं. बाजू सीटवर बसलेल्याची उजवी धरा. डोळे दिपले, तर उद्या सकाळी जाऊन तो बल्ब काढून घ्या.